भरलेली बाटली

आपण गॅस बंद केला होता की नाही, हे मालविका कर्णिकला सकाळपासून आठवत नव्हतं. घर राहिलं नाशिकला आणि ती इथे थरच्या वाळवंटात. शेजारच्या बाईंनी बिचाऱ्यांनी दोनदा जाऊन बघितलं होतं आणि फोनवर सांगितलं होतं, गॅस बंद आहे, नळ बंद आहेत, दाराला कुलूप आहे. तरी जिवाची उलघाल थांबेना. तिने पर्स उघडून चष्मा बघितला, परतीचं तिकीट बघितलं, रक्तदाबाच्या गोळ्या बघितल्या. सगळं जागच्या जागी होतं. तरी काहीतरी राहिलंय असं मन घोकतच होतं.

"आई, लक्ष कुठंय तुझं? घोट घे ना," ओवी म्हणाली.

मालविकाने ग्लास उचलला. समोर पिवळ्या दगडाच्या टेकडीला पाठ लावून ओवीची पहिली ब्रूअरी उभी होती आणि तिच्यामागे नजर पोचेल तिथवर वाळूच्या लाटा. झापांच्या सावलीत टोप्या घातलेले पर्यटक बसले होते. सकाळी पहिली ब्रूअरी, दुपारी दुसरी, सूर्यास्ताला वाळूच्या टेकडीवर तिसरी, अशी ही सहल होती. हिवाळ्यात तिला देशभरातून माणसं यायची. आज संध्याकाळी मुंबईची एक मोठी कंपनी तिसऱ्या ब्रूअरीत येणार होती. त्यांना सगळं पसंत पडलं, तर ओवीने तयार केलेलं, बिअर आंबवणारं खास यीस्ट दुष्काळी भागांत सगळीकडे जाणार होतं. त्याआधी ओवीला आईची पावती हवी होती, कारण मालविकाने उभा जन्म एका ब्रूअरीत बिअरची चव तपासण्यात घालवला होता आणि खोटं कौतुक करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

वाइनवाले चव घेऊन थुंकून टाकतात. बिअरवाल्यांना ती मुभा नाही. कडवटपणा जिभेच्या पार मागे कळतो, त्यामुळे गिळावंच लागतं. मालविकाने गिळलं. आधी माल्टचा गोडवा, मग संत्र्याच्या सालीसारखा कडवटपणा आणि शेवटी घशात एक स्वच्छ गारवा.

"तहान भागवते," ती म्हणाली.

ओवीचा चेहरा उजळला. बिअर बनवणाऱ्याला यापेक्षा मोठी शाबासकी नसते. "सगळे हेच म्हणतात! आमच्या पाटीवर तेच लिहिलंय बघ, एक ग्लास प्या आणि दिवसभर तहान विसरा."

"आणि हे सगळं खाऱ्या पाण्यात?"

"विहिरीच्या खाऱ्या पाण्यात. तोंडात घेववणार नाही इतकं खारं आहे. साधं यीस्ट त्यात मरतं, पेशीतलं पाणी मीठ ओढून घेतं ना. माझं यीस्ट स्वतःच्या पेशीत एक रसायन तयार करतं आणि खारटपणातही मजेत जगतं. बिअर उतरली की मीठ वेगळं काढायचं. यीस्ट मात्र आम्ही गाळत नाही. चव त्याचीच आहे."

मालविका तिच्याकडे बघत राहिली. पोरगी वाळली होती. ओठ फुटले होते, गालफडं वर आली होती.

"वाळवंटाची हवा गं," ओवी हसून म्हणाली. "इथे सगळे असेच दिसतात."

दुसऱ्या ब्रूअरीत बाजरीची बिअर होती. तिला भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याचा वास होता आणि मालविकाला ती फार आवडली. पण बसवेना. ती उठून अंगणात फिरून आली, परत बसली, परत उठली. तिथल्या पोऱ्यांना उगाचच बाकडी सरळ करायला लावली.

"आई, काय होतंय तुला?"

"कुणास ठाऊक. कोणाला तरी फोन करायचा राहिलाय असं वाटतंय."

"माझंही सुरुवातीला असंच व्हायचं. कामाचा ताण. जातं नंतर." मग ओवीने अभिमानाने रस्त्याकडे बोट दाखवलं. "ते बघ. एवढे पर्यटक येतात, पण पाण्याची एक रिकामी बाटली दिसतेय का कुठे? टँकरसुद्धा आता क्वचित येतो."

खरंच एकही बाटली नव्हती. मालविकाला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तिसऱ्या ब्रूअरीकडे निघाल्यावर ड्रायव्हर खेतारामने वाटेत जीप थांबवली. खेताराम इथलाच. पूर्वी नाशकात सुतारकाम करायचा, त्यामुळे मराठी बोलायचा. चाकात वाळू अडकली होती. तो ती झाडत असताना मालविका उतरून समोरच्या दगडी पाणपोईच्या सावलीत गेली.

"माझ्या आजोबांनी बांधलेली आहे ताई," तो म्हणाला. "आमच्या घरचा नेम होता. सकाळी सकाळी आजी माठ भरायची, मग आई, मग माझी बायको."

मालविकाने माठावरचं झाकण उचललं. आत गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. माठ कोरडा ठणठणीत होता.

"आता नाही भरत?"

"कोणासाठी भरायचं? कोणी पीतच नाही. पहिले भरायचो, पाणी तसंच राहायचं, आळ्या पडायच्या. म्हणून सोडून दिलं."

मालविकाने खांद्याला लावलेली स्टीलची बाटली काढली. निदान माठात चार थेंब टाकावेत असं तिला वाटलं. आजोबांच्या नावाने म्हणा हवं तर. बाटली हाताला जड लागली आणि तिचा हात तसाच थांबला. दोन बिअरच्या मध्ये पाण्याचा घोट घेऊन जीभ धुवायची, ही तिची आयुष्यभराची सवय. घोट घेतल्याशिवाय तिने दुसऱ्या ग्लासला कधी हात लावला नव्हता. आज सूर्य डोक्यावरून कलला, दोन ब्रूअऱ्या झाल्या, आणि बाटली सकाळी भरली होती तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती.

सकाळपासून काय राहिलं होतं, ते आता तिला कळलं. काल रात्री आल्या आल्या ओवीने हातात बिअरचा ग्लास दिला होता, आणि त्यानंतर तिला तहान म्हणून लागलीच नव्हती.

"ओवी, इकडे ये. हात दे."

लेकीच्या हाताच्या पाठीवरची कातडी मालविकाने चिमटीत धरून सोडली. लहानपणी ओवीला जुलाब व्हायचे तेव्हा अंगातलं पाणी आटलंय का, ते ती असंच बघायची. कातडी लगेच सपाट झाली नाही. वळी तशीच उभी राहिली.

"शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

"सकाळी... नाही, काल. असं काय विचारतेस? मला बरं वाटतंय, आई."

"तेच तर. रक्तात मीठ वाढलं की मेंदू ओरडतो, पाणी आण म्हणून. तुझ्या यीस्टचं ते रसायन हे ओरडणंच बंद करतंय. तहान भागत नाहीये गं, तहान मुकी झालीये. आणि आपण दोघी बिअरवाल्या, आपल्याला वाटलं काय छान बिअर झालीय!"

चूक समजायला ओवीला वेळ लागला नाही, ती हुशारच होती. पण समजल्यावर ती पाणपोईच्या पायरीवर बसली. मालविकाने बाटली तिच्या तोंडाला लावली. पहिला घोट ओवीने घेतला आणि उलटी आल्यासारखा बाहेर काढला.

"जात नाही गं."

"गिळायचं. मला काही ऐकायचं नाही." मालविकाने स्वतःही घोट घेतला. घसा नको नको म्हणत होता. ओठांशी ओलावा असून शरीर त्याला परक्यासारखं वागवत होतं, याची तिला विलक्षण भीती वाटली. "बिअर थांबवली की उतरेल ना हे?"

"यीस्ट जिवंत असतं," ओवी हळूच म्हणाली. "आतड्यात राहिलं असेल तर मला माहीत नाही." तिने फोन काढून तिसऱ्या ब्रूअरीला सांगितलं की आज एकही ग्लास भरायचा नाही. कंपनीची माणसं आली असली तरी नाही. आधी सगळ्यांना पाणी द्यायचं. पलीकडून काही तरी उत्तर आलं आणि तिचा चेहरा पडला. "ते म्हणतात, पाणी घेऊन फिरलो, पण कोणाला नकोय."

खेताराम इतका वेळ चाकाजवळ उभा होता. हातातली वाळू त्याने झाडली नव्हती.

"ताई, ते यीस्ट बिअरमध्येच असतं ना फक्त?"

"का रे?"

"ओवीताईंनी गावाला फुकट दिलं होतं. आमच्याकडे बायका राबडी आंबवतात त्याच्यात. बाजरीचं पीठ आणि ताक, सकाळची न्याहारी. लवकर आंबते म्हणून सगळ्या घरात तेच आहे आता." तो थांबला. "माझी छोटी तीच खाते. बायको म्हणते, किती शहाणी झाली, पाण्यासाठी रडतच नाही."

ओवीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जीप मग तिसऱ्या ब्रूअरीकडे गेलीच नाही.

खेतारामचं घर जवळच होतं. अंगणात खेजडीच्या झाडाच्या सावलीत त्याची मुलगी किस्तूरी बसली होती, चिंध्यांच्या बाहुलीला झोपवत. तिची आई लगबगीने बाहेर आली, पाहुण्यांसाठी खाट टाकली. तांब्या तिने आणला नाही. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं असतं हे या घरातून कधी निघून गेलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मालविकाने पोरीला मांडीवर घेतलं आणि इवल्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. वळी तशीच उभी राहिली.

"वाटी, चमचा, साखर, मीठ," ती म्हणाली. "आणि गाडी वळवून ठेव खेताराम, हिला दवाखान्यात न्यायचंय."

किस्तूरी हसत होती. साखरमिठाच्या पाण्याचा चमचा ओठांशी आला की तोंड फिरवत होती, त्रागा न करता, अगदी गोडीने. पोट भरलेलं मूल करतं तसं. मालविका एकेक चमचा गालात सोडत होती, अर्धा बाहेर येत होता. पलीकडे ओवी घराच्या दारात उभी होती, राबडीचं भांडं दोन्ही हातांत धरून. ते कुठे ओतावं, तेही तिला कळत नव्हतं, कारण जमिनीत गेलेलं यीस्टसुद्धा खाऱ्या मातीत मजेत जगणार होतं. तिनेच त्याला तसं शिकवलं होतं.

"आई," तिने विचारलं, "हिला पुन्हा कधीतरी तहान लागेल ना गं?"