चौदा नंबरची बदली

चहाचं आधण ठेवायला आणि ‘थम! कौन आता है?’ अशी आरोळी यायला एकच गाठ पडली. तस्नीमच्या हातून साखरेचा डबा निसटता निसटता राहिला. वीस चौक्या झाल्या तरी या आरोळीची तिला काही सवय होत नव्हती. सुभेदार हणमंत भोईटे मात्र जीपच्या बॉनेटला टेकून बुटातलं मीठ झटकत होते, ते तसेच झटकत राहिले.

“दोस्त!” त्यांनी मान वर न करताच आवाज दिला.

“दोस्त, आगे बढ!”

मग ते सावकाश पुढे झाले. मिठाच्या रणातल्या त्या चौकीत आता उरलं होतं तरी काय? पत्रे उडालेली बराक, व्हॉलीबॉलचे दोन वाकलेले खांब, ड्यूटीची नावं लिहायचा कोरा फळा. आणि मातीच्या पोत्यांमागे उभा असलेला पुरुषभर उंचीचा एक करडा खांब. त्याला एक डोळा, एक भोंगा आणि डोक्यावर उन्हाची वीज करणारं पान. सरकारी कागदात त्याचं नाव हातभर लांब होतं. पलटणीतली पोरं त्याला जागल्या म्हणायची.

“गार्ड कमांडर, सुभेदार भोईटे. चौकी बंद.”

डोळा त्यांच्यावर फिरला. “जी साब,” भोंगा म्हणाला, आणि डोळ्यातला हिरवा दिवा विझला. सहा वर्षांचा पहारा असा दोन शब्दांत संपला.

“नुसतं जी साब?” तस्नीमनं चहा पुढे करत विचारलं. ती मिरजेची, मुजावरांची. जुनी यंत्रं मोडीत काढणाऱ्या खात्यात तंत्रज्ञ होती आणि या दौऱ्यात गाडीही तीच हाकत होती. “पोरांशीपण एवढंच बोलायचा हा?”

“छे! पोरांशी लई बडबडायचा. ही मोठी चौकी; लहान चौकीला एक जवान आन एक जागल्या. जवान झोपला की पहारा जागल्याचा, उठला की जवानाचा. ज्याच्याबरोबर राहील त्याचं बोलणं उचलायचा गडी. पहारा सोपवताना ताबा सांगायचा. दुर्बीण एक, कॅन दोन. आन कुणाचा निरोप असला तर तोही. आमच्या पोरांनी लावलेली सवय ती.”

एवढं बोलून त्यांनी कप घेतला आणि बराकीच्या पलीकडे जाऊन एकटेच प्यायला बसले. दहा दिवस हे असंच चाललं होतं. तस्नीमलाही आता त्याचं वाईट वाटेनासं झालं होतं.

सरहद्दीचा करार झाला तेव्हा माणसं घरी गेली आणि जागले राहिले. शत्रूच्या हाती लागले तरी बंद पडू नयेत, असेच ते बनवले होते. ज्या गार्ड कमांडरनं उभं केलं, त्यानंच समोर येऊन हुकूम द्यायचा. आवाजाबरोबर त्याचा श्वासही ते पारखत, त्यामुळे ध्वनिमुद्रण चालत नसे. उघडायला जावं तर आतली स्मृती जळून जाई. चौकी बंद झाली किंवा नव्या बदलीनं पहारा घेतला तरी ती आपोआप पुसली जाई. या भागातले बावीसही जागले भोईट्यांनीच उभे केलेले. सुभेदार निवृत्त होऊन गावी ऊस बघत बसले होते. पण गेल्या हिवाळ्यात चौदा नंबरच्या जागल्यानं मीठ काढणाऱ्या तिघांना दीड दिवस जागचं हलू दिलं नाही. हलले की डोळे दिपवणारा झोत. त्यातल्या एकाची नजर कायमची अधू झाली. तेव्हा कुठे खात्याला सुभेदारांचा पत्ता सापडला.

म्हणजे खरं तर चौदा नंबर सगळ्यात आधी करायला हवा होता. वाटेत तो दोनदा लागला. एकदा सुभेदारांनी टायरमधल्या हवेचं निमित्त काढलं, एकदा पाठीचं. तस्नीमनं फाईल वाचली होती. तिनं गाडी पुढे नेली.

सात वर्षांपूर्वी चौदावर जवान दिग्विजय भोईटे होता. सुभेदारांचा थोरला. त्या फेब्रुवारीत अवेळी पाणी आलं, रणाचा चिखल झाला आणि बदलीचा जवान आणणारी गाडी चार दिवस पोचली नाही. पोराला ताप भरला. औषधवाला नऊ किलोमीटरवर, तेरा नंबरला होता. दिग्विजयनं वायरलेसवर विचारलं, “साहेब, तेरापर्यंत चालत जाऊ का?” ऐकणारा साहेब म्हणजे त्याचा बाप. दुसऱ्या कुणाचा पोरगा असता तर भोईटे जा म्हणाले असते. पण आपल्याच पोराला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ते खड्या आवाजात म्हणाले, “बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही, जवान भोईटे.”

पोरगा वाचला नाही. त्याच्यानंतर चौदावर दुसरा जवान गेलाच नाही, पहारा एकट्या जागल्याकडे राहिला. पदक आलं, ते कपाटात गेलं. शालननं, त्यांच्या बायकोनं, एकदाच विचारलं, “तुमी त्याला काय बोललासा?” सुभेदार उठून बाहेर गेले. त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही, आणि दुसराही कुठला फारसा निघाला नाही. मरताना पोरानं आपल्याला शिव्या घातल्या असतील का, एवढं एकच त्यांना कळून घ्यायचं होतं. आणि ते सांगू शकणारा जगात एकटा चौदा नंबरचा जागल्या होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चौदावर पोचले. सगळीकडे पांढरं सपाट मीठ, मध्येच ती पोती आणि तो खांब. तस्नीमनं नियमाप्रमाणे जीप लांब उभी केली.

“थम! कौन आता है?”

“दोस्त.”

“दोस्त, आगे बढ. लई दिवसांनी आलासा राव!”

 उठता बसता राव म्हणायची खोड दिग्याची. बापाला राव म्हणतो म्हणून त्यानं लहानपणी दोनदा मार खाल्ला होता. आवाज सगळ्या जागल्यांचा तोच, पण हा ‘राव’ त्याचा होता.

“गार्ड कमांडर, सुभेदार भोईटे.”

“जी साब.”

आता ‘चौकी बंद’ म्हणायचं, की संपलं. म्हटलं नाही, तर उद्या आणखी कुणाचे डोळे जाणार.

“दिग्विजय भोईटे होता तुझ्यासंगं,” ते म्हणाले. “शेवटचे चार दिवस. काय काय बोलला?”

“रिपोर्टात लिहिलंय, साब.”

“रिपोर्ट मी वाचलाय रे. तो बोलला काय?”

“काय सांगू राव. पहाऱ्यावरचं बोलणं साहेबाला सांगायचं नसतं. बदलीलाच सांगायचं.”

सुभेदारांना हसावं की रडावं कळेना. हा नियम त्यांचाच. पोरांच्या चहाड्या साहेबापर्यंत जाऊ नयेत, म्हणून जागले उभे करताना त्यांनी स्वतः तो घातला होता आणि वर त्याचा अभिमानही मिरवला होता.

 मग त्यांनी स्वेटर खाली ओढला, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, “बदली आली आहे.”

“बदली कोण?”

“हणमंत भोईटे.”

“हुकूम कुणाचा?”

“गार्ड कमांडरचा.”

जागल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. “ताबा घ्या. दुर्बीण एक, काच फुटलेली. पाण्याचे कॅन दोन, रिकामे. घोंगडी एक. निरोप एक.”

“निरोप सांग.”

“जवान दिग्विजयकडून आबांना. आबा, तुमच्या बोलण्यामुळं मी थांबलो असं मनात आणू नका. पायात जोरच न्हाई. दोन पावलं चालवत न्हाई. तुमी जा म्हणाला असता तरी गेलो नसतो. आईलापण हेच सांगा. धाकट्या सागरसाठी आणलेली काकवी मीच संपवली, त्याला सॉरी म्हणा. निरोप संपला.”

सुभेदार पोत्यावर बसले. सात वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला होता. ते मोठ्यानं रडले. त्या रणात ऐकायला होतं कोण!

पण जन्मभराची सुभेदारी. ऐकलेलं तपासून घ्यायची सवय जाते कुठे? डोळे पुसून त्यांनी विचारलं, “खरंच चालवत नव्हतं त्याला?”

“निरोप जसाच्या तसा दिलाय.”

“निरोपाचं न्हाई विचारत. तू डोळ्यानं काय बघितलंस?”

“तेराच्या वाटेवरच्या तारेच्या कुंपणापर्यंत तीनदा गेला, राव. बूट घालून, बॅटरी घेऊन. ताडताड गेला. तिन्ही वेळा मागं फिरला. मग खाली बसून हा निरोप माझ्याकडनं पाठ करून घेतला. दोनदा म्हणून दाखवायला लावला.”

वारा पडला होता. सुभेदार तारेकडे बघत राहिले. दोनशे पावलंसुद्धा नव्हती.

“पहारा घेतला म्हणा,” जागल्यानं आठवण केली.

“थांब जरा.”

तो थांबला. थांबणं त्याला चांगलंच येत होतं.

“पहारा घेतला,” शेवटी सुभेदार म्हणाले. हिरवा दिवा विझला. दिग्याचा राव गेला, काकवी गेली, तीन हेलपाटे गेले. आता ते सगळं एकाच माणसाजवळ होतं.

उन्हं कलायला लागली तशी तस्नीमनं हॉर्न वाजवला. दोनदा, तीनदा. शेवटी ती स्वतःच चालत आली. सुभेदार पोत्यांमागे, जागल्याच्या शेजारी, ताठ उभे होते.

“साहेब, चला. दिवा विझलाय की.”

“मला न्हाई येता यायचं.”

“का?”

“ताबा माझ्याकडं आलाय. बदली आल्याबगर जागा सोडायची न्हाई.”

तिला हसू आलं. मग तिनं त्यांचा चेहरा नीट पाहिला आणि ते हसू जिरलं. माणूस थट्टा करत नव्हता. मनातल्या मनात ते एकाच गोष्टीपाशी अडले होते. घरी जाऊन शालनला काय सांगायचं? पोरानं पाठ करून घेतलेलं, की जागल्यानं बघितलेलं? एक सांगावं तर त्यांची सुटका होती. दुसरं सांगावं तर पोराची माया कळत होती, आणि बापाचा गुन्हाही.

तस्नीम जीपकडे परत गेली. सुभेदारांना वाटलं, गेली बिचारी कंटाळून. दहा दिवसांत आपण तिला धड जेवलीस का म्हणूनसुद्धा विचारलं नाही. पण पाच मिनिटांनी ती पुन्हा येताना दिसली. ओढणी कमरेला बांधली होती, एका हातात पाण्याचा भरलेला कॅन होता. तीन पावलांवर येऊन ती उभी राहिली. टाचा जुळलेल्या नव्हत्या आणि सलाम तर पार चुकला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर सुभेदारांनी तिथंच झापलं असतं.

“बदली आलीय, आबा,” ती म्हणाली. आजवर तिनं त्यांना साहेब सोडून काही म्हटलं नव्हतं. “ताब्यात काय काय आहे? आणि निरोप आहे का काही?”