नकाशातून गेलेलं खळं

एकोणीसशे ब्याण्णव सालचा मार्च महिना. ठाण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. माणसांच्या डोक्यावर घरघरणारा पंखा आणि कॉम्प्युटरला मात्र एसी, अशी त्याची बडदास्त.

त्या शनिवारी सकाळी वर्तकनगरच्या आपल्या खोलीत ॲडव्होकेट शकू पगारे चहा गाळत होती. एवढ्यात दार धडाधडा वाजलं.

दारात मनुबाई. बंदरपाड्याच्या कोळणींची पुढारी. वय साठीच्या पुढे, पण आवाज भर बाजारात पलीकडच्या टोकाला पोचेल असा.

"वकीलबाय, आमचा खला नकाशान नाय!"

शकूच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

खळं म्हणजे खाडीकाठची ती मोकळी जागा. बंदरपाड्याच्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथे जवळा वाळवत आल्या होत्या. जानेवारीत एका बिल्डरने तिला कुंपण घातलं, बुलडोझर फिरवला आणि कोर्टात सांगितलं, ही जागा आधीपासून ओसाडच होती. त्याला खोटं पाडणारी एकच गोष्ट होती. कुंपणाच्या आधी मोजणी करून काढलेला कोळीवाड्याचा नकाशा. त्यात खळ्याचा बांध, चौथरे, खाडीत उतरायची पायवाट, सगळं मापासकट होतं. सोमवारी शकू तो बायकांच्या वतीने कोर्टात देणार होती. तो नसला तर खळं कायमचं गेलं.

"कोणी सांगितलं तुला, मावशी?"

"गुप्तेसायबाचे घरचा नोकर काल सांजचा आला. बोलला, मशीन बिघरली. बाकीचा नकाशा मिलंल, खला तेवरा गेला."

"बस. चहा घे आणि चल."

"चा कोरटान पिऊ, सोमवारी. आधी चल."

नकाशे काढणाऱ्या बाळ गुप्त्यांचं ऑफिस खोपटला, एसटी डेपोच्या समोर, पहिल्या मजल्यावर होतं. तिथे काम करणारी माणसं तीनच. स्वतः गुप्ते. कॉम्प्युटर चालवणारा कुंडलिक. आणि भाऊ प्रधान, तीस वर्षं हाताने नकाशे काढलेले सर्व्हेअर. कोळीवाड्याची मोजणी भाऊंनीच केली होती.

काचेच्या दारावर गुप्त्यांच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'कॉम्प्युटरवर खेळताना कोणी दिसल्यास पगार कापला जाईल.'

"या पगारेबाई," गुप्ते म्हणाले. "वाईट झालं. मशीनचा काय भरवसा! मी त्यातला अडाणी, चालू-बंद करण्यापलीकडे मला काही येत नाही."

"हाताने काढलेली मूळ शीट असेल ना?"

"कपाटात होती. तीही सापडत नाहीये."

"मशीन बिघडलं म्हणून कपाटातला कागद गेला?"

शकू चपला काढून आत गेली. कुंडलिकचे डोळे लाल झाले होते.

"कुंडलिक, काय झालं ते नीट सांग."

"काल दुपारी भाऊ मोजणीला बाहेर होते. मी जेवून आलो, तर हार्ड डिस्क कोरी. बिघडली नाही मॅडम, कोणीतरी फॉर्मॅट मारलाय."

"मग पडद्यावरचं हे सगळं परत कुठून आलं?"

"गुरुवारची कॉपी आहे ना, फ्लॉप्यांवर. पण ड्रॉवरची चावी साहेबांकडे, आणि ते तोवर घरी गेलेले. आज सकाळी चावी मिळाली तेव्हा भरायला बसलो. आत्ता तुम्ही यायच्या जरा आधी नकाशा उघडला, तेव्हा कळलं खळं नाही ते."

"गुरुवारच्या आधीची कॉपी?"

"नसते. फ्लॉप्या महाग पडतात. दर गुरुवारी त्याच फ्लॉप्या पुसून पुन्हा वापरतो."

"आणि कॉपीत सगळं येतं?"

"एक डिरेक्टरी सोडून." फोल्डरला तेव्हा डिरेक्टरी म्हणत. "गेम्स नावाची. मशीन विकणाऱ्याने खेळ भरून दिलेले, ते आहेत तिच्यात. साहेब म्हणाले, खेळांवर फ्लॉप्या कशाला घालवायच्या? म्हणून मी कमांड अशी लिहिली की गेम्स वगळून बाकी सगळं कॉपी होतं."

"नकाशा दाखव."

कुंडलिकने नकाशा उघडला. घरं आली, गल्ल्या आल्या, देऊळ आलं, होड्या लावायचा धक्का आला. खाडीच्या अंगाला, जिथे खळं हवं तिथे, नुसता काळा पडदा.

मनुबाईने त्या काळ्या जागेवर बोट टेकलं. काचेवर डाग पडला. कोणी पुसला नाही.

"खालची इंग्रजी ओळ काय सांगते?" शकूने विचारलं.

कुंडलिकने वाचली आणि त्याचा चेहरा बदलला. "खळं वेगळ्या फाइलमध्ये काढलेलं, मॅडम. मोठा नकाशा उघडला की तो ती फाइल शोधून आणतो आणि जागेवर जोडतो. ही ओळ म्हणते, खळ्याची फाइल शोधली पण मिळाली नाही."

"कुठे शोधली?"

"गेम्समध्ये. पण मी ती तिथे ठेवलीच नव्हती! ती कोळीवाड्याच्या डिरेक्टरीत होती. आईशप्पथ!"

दारातून गुप्ते बोलले, "घ्या! काय वगळायचं ती कमांड लिहिणारा हा, फायली सांभाळणारा हा. त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची?"

शकू वळली. "त्याच्याकडून म्हणजे कोणाकडून, साहेब?"

"म्हणजे... पोरं आजकालची."

"नाही, तुम्ही 'त्याच्याकडून' म्हणालात. तो वर्तकनगरात माझ्या मागच्या चाळीत राहतो, माझ्याच समाजाचा आहे. म्हणून नीट विचारून घेतलं."



शकू बाहेर भाऊंच्या टेबलापाशी गेली. त्यांच्या फळ्यावर नव्या कामाचं ट्रेसिंग लावलेलं होतं. सात मजल्यांची इमारत, तिच्यापुढे बाग, बागेपलीकडे खाडी. जागेचं नाव अजून लिहिलेलं नव्हतं.

"भाऊ, तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"त्या डब्याला मी हात लावत नाही, वकीलबाई. दिवाळीत मेला होता तेव्हाच मी म्हटलं, कागदाचं काम कागदावर करा. तेव्हा म्हणे सगळं परत आलं. पण विटांच्या खेळातला पहिला नंबर गेला तो गेलाच."

आत कुंडलिकला एकदम खोकला आला. भाऊ घाईघाईने पेन्सिलीला टोक काढू लागले.

शकूने एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा दारावरच्या कागदाकडे. मग म्हणाली, "भाऊ, जरा गॅलरीत येता?"

खाली डेपोत भिवंडीची गाडी लागत होती. गॅलरीत काय बोलणं झालं ते त्या आवाजात आत कोणालाच ऐकू आलं नाही. पण परत येताना भाऊंनी जेवणाची पिशवी छातीशी धरलेली होती आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"बसा सगळे," शकू म्हणाली. "मावशी, तूही बस."

"मी उभीच बरी. कोनी पलाला तं पकरायला पायजे."

"गुप्तेसाहेब, फाइल पुसायचीच होती तर ती सरळ का नाही पुसली?"

"मला काय माहीत?"

"मी सांगते. सरळ पुसली असती तर कुंडलिकला त्याच दिवशी कळलं असतं आणि त्याने फ्लॉपीवरून परत आणली असती. म्हणून त्या माणसाने आधी फाइल गेम्समध्ये हलवली, आणि मोठ्या नकाशाला तिची नवी जागा दाखवून ठेवली. पडद्यावर खळं दिसत राहिलं. कोणाला संशय नाही. मग गुरुवार आला. जुन्या फ्लॉप्या पुसल्या गेल्या, नवी कॉपी झाली आणि तिच्यातून खळं आपोआप वगळलं गेलं. शुक्रवारी त्याने डिस्क फॉर्मॅट केली. आता बोट मशीनकडे, नाहीतर कुंडलिककडे."

"मी तेच तर म्हणतोय! हे सगळं कुंडलिकलाच जमेल."

"जमेल. पण कुंडलिक असं करणार नाही. भाऊही नाहीत. त्याचं कारण भाऊंच्या पिशवीत आहे. काढा भाऊ."

भाऊंनी पोळीच्या डब्याखालून एक फ्लॉपी काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, वर सुंदर अक्षरात 'विटा' लिहिलेलं.

"भाऊ डब्याला शिव्या घालतात," शकू म्हणाली. "आणि तुम्ही जेवायला घरी गेलात की त्याच डब्यावर विटांचा खेळ खेळतात. दिवाळीत डिस्क गेली तेव्हा त्यांचा पहिला नंबर गेला, कारण गेम्सची कॉपीच होत नव्हती. आपला नंबर नसता तर माणूस चार महिने त्याचं दुःख करत बसेल का?"

"सदतीस हजार पॉइंट होते," भाऊ पुटपुटले.

"तेव्हापासून खेळून झालं की गेम्सची अख्खी डिरेक्टरी ते स्वतःच्या फ्लॉपीवर उतरवून घेतात. आत काय आहे ते न बघता, सरसकट. शिकवलं कुंडलिकने. बरोबर?"

कुंडलिकने दारावरच्या कागदाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हो मॅडम. भाऊंचा पगार कापला जाईल म्हणून बोललो नाही. पण त्या फ्लॉपीत खळं आलं असेल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

"या ऑफिसात तीन माणसं. गेम्सची कॉपी रोज कोणाच्या तरी पिशवीतून घरी जाते, हे त्यातल्या दोघांना माहीत होतं. त्या दोघांपैकी कोणी खळं नाहीसं करायला नेमकी तीच जागा निवडली असती का? ती जागा सुरक्षित कोणाला वाटेल? ज्याला खेळाचं काही कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं, त्याला."

मनुबाई सावकाश गुप्त्यांकडे वळली.

"हा नुसता तर्क झाला," गुप्ते म्हणाले.

"तर्क आहे, मग हे ऐका. खळं सापडत नाही हे कुंडलिकला आज सकाळी कळलं. तुमचा नोकर काल संध्याकाळीच मावशीच्या दारात उभा होता. बाकी मिळेल, खळं तेवढं गेलं, म्हणून. काल फ्लॉप्या तुमच्या कुलपात होत्या. त्यांच्यात काय आहे आणि काय नाही, हे न बघता तुम्हाला कसं कळलं? आणि कॉपीतून गेम्स वगळा असं सांगणारा माणूस कॉम्प्युटरमधला अडाणी नसतो."

शकूने फळ्याकडे बोट केलं.

"भाऊ, तुमच्या फळ्यावरची ही इमारत कुठली?"

"साहेबांनी जागा सांगितली नाही. म्हणाले, तू फक्त काढ." भाऊ उठले. त्यांनी ट्रेसिंग सोडवलं आणि उजेडासमोर धरलं. बराच वेळ पाहत राहिले. "खाडीचं हे वळण... हे मी मोजलंय. अहो, ही बाग खळ्यावर आहे! माझ्याच हातून काढून घेत होतात, साहेब?"

"भाऊ, तुला कळत नाही. अशी कामं रोज येत नाहीत—"

"सायेब," मनुबाई म्हणाली. ती ओरडली नाही. "तुमच्या लग्नान माज्या आयशीनं मावरा आनलेला, पाटी भरून. त्या खल्याच्या बांधावर तुमी ल्हानपनी पतंग उरवलेव. तो खला आमी तुमच्या कागदावर नाय केला, नं तुमच्या कागदानं जायाचा बी नाय."

गुप्त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "करा काय करायचं ते. माझी सही नसेल तर त्या नकाशाला कोर्टात कोण विचारतंय?"

शकू काही बोलणार, तोच भाऊंनी चष्मा पुसला.

"मोजणी माझी. सर्व्हेअरचं लायसन्स माझ्या नावावर आहे. सही मी करतो, सोमवारी पिंजऱ्यातही मीच उभा राहतो." त्यांनी फ्लॉपी पुढे केली. "कुंडलिक, लाव ही. आणि माझा नंबर पुसलास तर याद राख!"

फ्लॉपी घरघरली. खेळाच्या फायलींच्या मधोमध खळं होतं. कुंडलिकने ते मोठ्या नकाशाला जोडलं आणि प्लॉटरला कागद लावला. पेन सरसर फिरू लागलं. आधी बांध उमटला, मग एकेक चौथरा, शेवटी खाडीत उतरणारी पायवाट.

मनुबाई वाकून बघत होती. "ती तिसरी वटी माजे सासूची," ती तिसऱ्या चौथऱ्यावर बोट ठेवत म्हणाली. "इतं मी बसतंय."

सोमवारी भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले. समोरच्या वकिलाने बराच वेळ झोडपलं, पण त्यांनी एकही माप बदललं नाही. त्या दिवशी बांधकामाला मनाई मिळाली, आणि पुढे बरीच वर्षं गेल्यावर निकालही बायकांच्या बाजूने लागला.

बाळ गुप्त्यांवर खटला झाला नाही. बिल्डरने हात झटकले, कोळीवाड्याने पाठ फिरवली, आणि वर्षभरात ऑफिस विकून ते नाशिकला मुलाकडे गेले. ठाण्यात परत आले नाहीत.

कुंडलिकने डोंबिवलीला स्वतःचं नकाशांचं दुकान काढलं. त्याच्याकडे काहीही न वगळता कॉपी होई, खेळांसकट. गिऱ्हाइकं हसत, तो मनावर घेत नसे.

भाऊ त्याच दुकानात जायचे. काम थोडं, विटा जास्त. ते वारले तेव्हा त्यांचा नंबर सर्वांत वर होता. कुंडलिकने तो कधी मोडू दिला नाही, स्वतःही मोडला नाही.

शकूला लोक पुढे जज्ज हो म्हणाले. ती झाली नाही. भांडायचं सोडून ऐकत बसणं तिला जमणारं नव्हतं.

मनुबाईने कोर्टाच्या निकालाची वाट पाहिलीच नाही. मनाई मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने बिल्डरच्या कुंपणाची तार वाकवली, आत शिरली आणि बुलडोझरने सपाट केलेल्या जमिनीवर, अंदाजाने नव्हे तर नकाशाची घडी हातात धरून, तिसऱ्या चौथऱ्याच्या जागी जवळ्याची पहिली पाटी ओतली. रखवालदार धावत आला.

"ए बाई, कोणाला विचारून?"

"तुजे सायबाला सांग," ती जवळा पसरत म्हणाली, "वासानं तरास होत असंल तं खिरकी लाव. आजून बांधली नसंल, तं बांदूच नको."

ती खिडकी कधी बांधली गेली नाही. मनुबाई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिसऱ्या चौथऱ्यावर तिची सून बसते.