पिवळा दोरा

तो दिवस इतका साधा होता, की लक्षात ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. आई खिडकीपाशी निळी शाल विणत बसली होती आणि लेक टेबलाशी एका जाडजूड कादंबरीची मुद्रितं तपासत होती.

"बस गं जरा माझ्याजवळ. एक साखळी शिकवते."

"उद्या," लेक मान वर न करता म्हणाली.

पहाटे झोपेतच आई गेली. शाल अर्धीच राहिली, क्रोशाच्या सुईसकट.

महिन्याभरानं ती शाल पिशवीत घालून लेक लोकरीच्या दुकानात शिरली. दुकानदार उंच, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत होता. शाल पाहिली आणि त्याचे हात थांबले.

"ही काकूंची... म्हणजे तुम्ही पुस्तकातून डोकं न काढणारी लेक?"

"आई अशी तक्रार करायची?"

"तक्रार? तोंडभरून कौतुक करायच्या!"

ती खाली बघत म्हणाली, "मला ही पुरी करायचीय. पण यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळेल. आधी हे करू." त्यानं आईच्या शेवटच्या ओळीतून, टाक्या-टाक्यातून एक पिवळा दोरा ओवला. कशाला, ते तिनं विचारलं नाही.

मग रोज संध्याकाळी दोन स्टुलं समोरासमोर आली. आधी साखळी, मग खांब, म्हणजे उभे टाके.

"अहो, लोकर आहे ती. गळा कुणाचा आवळताय?"

"सुटेल अशी भीती वाटते."

"सैल धरा. पळून नाही जात ती." तो थांबला. "...मीही नाही."

तिची सुई भलत्याच टाक्यात शिरली. त्यानं ती हलकेच बाहेर काढली. बोटाला बोट लागलं, आणि दोघंही लोकरीकडेच बघत राहिली.

हात बसला तशी ती शाल घरी नेऊ लागली. सुट्ट्यांत वीतभर विणून मोठ्या ऐटीत तिनं त्याच्यापुढे पसरली.

"वा! पतंग छान झालाय."

शाल खरंच निमुळती झाली होती. दर ओळीचा शेवटचा खांब तिनं गाळला होता.

"दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते मी," ती पुटपुटली, "आणि हे दिसलं नाही!"

"उसवू या."

"नको!" तिनं शाल छातीशी धरली. "आईचंही उसवेल."

"म्हणून तर दोरा घातलाय," तो हळूच म्हणाला. "उसवण तिथं येऊन थांबेल. तुम्ही कितीही चुकलात, तरी काकूंचं सुटणार नाही."

तिनं श्वास रोखून लोकर ओढली. ओळीमागून ओळ भराभर सुटली, मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग झाला... आणि पिवळ्या दोऱ्याशी येऊन सगळं थांबलं. आईचे टाके जागच्या जागी होते.

आई गेल्यापासून न आलेलं रडू तेव्हा आलं. तो सुटलेली लोकर गुंडाळत राहिला. गुंडा झाल्यावर तिच्या हातात देत म्हणाला, "दमलात. आता उद्या या."

"उद्या नको." तिनं डोळे पुसले, स्टूल ओढून त्याच्या शेजारी घेतलं आणि शाल मांडीवर पसरली. त्याच्यासमोरच, मोठ्यानं म्हणाली, "बसते गं आई. शिकव मला."

मग त्याच्याकडे वळून —

"आणि हेही उद्यावर नको... तुम्ही मला फार आवडता."