बाबांचं परतीचं तिकीट

"अहो, उठा! माझ्या बाबांच्या मांडीवर बसलात!"

ब्राइस असा उडाला, की त्याचं डोकं सामानाच्या फळीवर आपटलं. बसमध्ये हशा पिकला. खिडकीपाशी उशिया बसली होती, आणि तिच्या शेजारची जागा... रिकामी होती. निदान दिसायला तरी.

दुसऱ्या मुलखातला असता, तर पोरीला वेड लागलंय म्हणाला असता. पण हा याच किनाऱ्यावरचा. त्याने टोपी काढली आणि रिकाम्या जागेपुढे वाकून म्हणाला, "माफ करा हं, काका. लागलं नाही ना?"

उशियाला हसू आवरेना. तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती.

गॅलिसियाच्या त्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात एखादं तरी जहाज खडकांवर फुटतं. आणि तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं, की सान आंद्रेसच्या देवळाला जो जिवंतपणी गेला नाही, त्याला मेल्यावर जावंच लागतं. सरडा होऊन, बेडूक होऊन, सरपटत! आपल्या माणसाचे असे हाल कोण होऊ देईल? म्हणून थडग्यावर टकटक करायची, 'चला' म्हणायचं, त्याचं बसचं तिकीट काढायचं आणि वाटभर त्याच्याशी बोलत राहायचं. उशियाचे बाबा दरवर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. मग तीन वर्षांपूर्वी एका वादळात त्यांची होडीच खडकावर गेली.

निघताना ड्रायव्हरने सगळ्या बससमोर टोकलं होतं. "उशिया, बाबांचं जाण्या-येण्याचं तिकीट कशाला काढतेस? तिथे पोचलेला माणूस परत येत नाही, पोरी."

"असू दे," ती फणकारली होती. खरं म्हणजे बाबांना तिथे सोडून यायची तिची तयारीच नव्हती. घरी रोज रात्री ती अजून त्यांचं ताट मांडत होती.

"बाबा, वळण आलं. धरून बसा."

"आम्ही उभे आहोत, तर आम्हाला कोणी सांगत नाही," ब्राइस पुटपुटला.

"तुम्ही पडलात तर उठाल."

"काका, तुमच्या मुलीची जीभ भलतीच धारदार आहे हो!"

"बाबा म्हणतात, परक्या माणसाशी बोलू नकोस."

"मग विचारा ना त्यांना... परकं राहू नये म्हणून काय करावं?"

उशियाने झटकन खिडकीबाहेर तोंड फिरवलं. कान मात्र लाल झाले ते झालेच.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"आहे एक. नाव माहीत नाही." त्याचा आवाज उतरला. "गेल्या हिवाळ्यात जहाज फुटलं, तेव्हा मीच त्याला पाण्यातून काढलं. पण उशीर झाला होता. परदेशी खलाशी, न्यायला कोणी आलं नाही. म्हटलं, चल गड्या माझ्याबरोबर."

"त्याला जागा नाही काढलीत?"

"गाडी भरली होती. दोघंही उभे आहोत."

उशियाला वाटलं, हा माणूस फार चांगला आहे. आणि लगेच तिच्या काहीतरी लक्षात आलं. "पाण्यातून काढलं म्हणजे... तुम्ही—"

"बचावाच्या बोटीवर असतो."

म्हणजे वादळात सगळे किनाऱ्याकडे येतात, तेव्हा हा आत जातो! समुद्रावरच्या माणसात जीव गुंतवायचा नाही, अशी तिने शपथ घेतली होती. खिडकीत दिवा ठेवून वाट बघण्यात जन्म गेलेली आई तिने पाहिली होती. पुढची वाटभर ती फक्त बाबांशीच बोलत राहिली.

देवळाबाहेर कड्यावर नुसता वारा सुटला होता. ब्राइसने आत मेणबत्ती लावली. "पोचलास रे. आता कोणाची वाट बघू नकोस," असं त्याने आपल्या खलाशाला सांगितलं आणि तो बाहेर आला. उशिया उंबऱ्यापाशीच उभी होती.

"काकांना आत नाही नेत?"

"नेलं की गेले ते," तिचे डोळे भरून आले. "तीन वर्षं त्यांच्याशीच बोलतेय. मग घरात मी कोणाशी बोलू?"

या वेळी त्याने थट्टा केली नाही. "काका तीन वर्षं दारात ताटकळलेत, उशिया. त्यांना आता बसू द्या."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, ती मनसोक्त रडून. कड्यावर गुलाबी फुलांची झुडपं डोलत होती. तिथे त्यांना प्रेमाचं गवत म्हणतात. आवडलेल्या माणसाच्या खिशात ते गुपचूप टाकायचं, की तो आपला झाला! उशिया त्या झुडपांपाशी थोडी रेंगाळली.

परतीच्या बसमध्ये ब्राइस तिच्याजवळ दांडा धरून उभा राहिला. शेजारची जागा मोकळीच होती.

"उभे का?"

"काका..."

"बाबा राहिले तिथे." तिने हातातलं तिकीट पुढे केलं. "हे परतीचं उरलंय. वाया का घालवायचं?"

ब्राइस बसला. बसण्याआधी जागेवरून हात फिरवायला मात्र विसरला नाही. मग रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, आणि हाताला गुलाबी फुलांची काडी लागली.

"हे कधी टाकलंस?"

"मी कशाला? बाबांनी टाकलं असेल." ती क्षणभर थांबली. "पण एक अट आहे. समुद्रावर जाशील तेव्हा... परतीचं काढूनच जायचं."

"दर वेळी," तो म्हणाला.

"वळण आलं," उशिया हळूच म्हणाली. "धरून बस."

त्याने तिचा हात धरला.