खाणीतलं शृंगी घुबड आणि आमचे टीम लीड

मोहिमेचा उद्देश एकदम साधा होता. सूड!

गेल्या वर्षी कंपनीच्या कॅलेंडरवर पहिल्याच पानावर एक पिंगळा, म्हणजे मुठीएवढं घुबड, झळकला. शेवग्याच्या फांदीवर, मान तिरकी करून. फोटो माझा, खाली नाव आमच्या टीम लीडचं, अनिरुद्ध सरांचं! विचारलं तर म्हणाले, "नाजिमा, टीममध्ये माझं-तुझं नसतं." पगारवाढीच्या वेळी मात्र असतं.

यंदा त्यांना तोंड लपवायला लावेल असा फोटो काढायचाच! धायरीमागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत शृंगी घुबडाची जोडी होती. डोक्यावर शिंगांसारखी पिसं, नारिंगी डोळे, बोक्याएवढं धूड. सोमवारी कॅलेंडरसाठी फोटो द्यायची शेवटची तारीख, म्हणून मी शुक्रवारची रजा टाकली. अर्जात कारण खरं लिहायचं, ही अब्बांची शिस्त. मी लिहिलं, 'शृंगी घुबड, धायरीमागची खाण.'

रजा मंजूर कोण करतं? टीम लीड! हे डोक्यात शिरून तोंडून निघालं तेव्हा आमची स्कूटी सिंहगड रोडला लागली होती.

"तू इंजिनिअर कशी झालीस गं?" मागे बसलेली चैताली म्हणाली. ती माझ्याच टीममधली.

पुढे स्कूटी पंक्चर झाली. दोन कुत्र्यांनी आम्हाला शेतातून पळवलं. घाणेरीच्या काट्यांत माझी ओढणी आणि ट्रायपॉडचा एक पाय राहिला. खाणीच्या कडेला पोचलो, तर समोरचं झुडूप खोकलं!

झुडपाला हातभर लांब लेन्स होती.

"आणि टक्कल," चैताली कुजबुजली.

सरांनी अंगभर सुबाभळीच्या ताज्या फांद्या बांधल्या होत्या. त्यांच्या खालच्याच कपारीत मादी अंड्यांवर बसली होती. माझं घुबड! माझी जागा!

तेवढ्यात बापूराव आले, चाळीस शेळ्या घेऊन. मी आधी जागा बघायला आले होते तेव्हाच या धनगरकाकांशी ओळख झाली होती. ते शेळ्या मागे वळवायला लागले. "सुबाभळीचा वास आला जणू. लय हावरट हायत. कडंपासून लांबच नेतो."

"काका," मी म्हटलं, "आज नका ना नेऊ लांब."

पहिली शेळी झुडपाकडे गेली. मग दुसरी. मग चाळीसच्या चाळीस! झुडूप ओरडलं. झुडूप पळालं. घसरलं! कॅमेरा, लेन्स, मोबाइल, गाडीची किल्ली, सगळं धप्पकन खालच्या हिरव्या पाण्यात. सर एका मुळीला धरून लोंबकळले. घुबड उडालं आणि पंख पसरून समोरच्या दगडावर बसलं, थेट माझ्या लेन्ससमोर! असा फोटो जन्मात एकदा मिळतो. माझं बोट बटणावर होतं. पण त्याआधी एक काम होतं.

"सर, तो पिंगळा कोणाचा?"

"आत्ता? अगं, हात दे!"

"कोणाचा?"

"तुझा! तुझाच!"

"चैतालीला ऐकू नाही आलं."

"आलं की," चैताली म्हणाली, "पण पुन्हा ऐकायला आवडेल."

"ओ पोरींनो!" बापूराव डोक्याचा पटका सोडत ओरडले. "तुमचं भांडण हुईस्तवर अंडी गार पडतील! आन् त्या घारी बघा वर!"

मी वर बघितलं. तीन घारी घिरट्या घालत होत्या. खाली तीन पांढरी अंडी उघडी, आणि समोरच्या दगडावर ती मादी, चोच कटकट वाजवत. आम्ही तिथून हलेपर्यंत ती परत येणार नव्हती.

मी कॅमेरा बॅगेत टाकला. काकांचा पटका सरांकडे खाली टाकला. ओढलं! सर वर आले. पँटची मागची बाजू मात्र शेळीनं ठेवून घेतली होती.

आम्ही लांब माळावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं ती परत आली, अंग फुगवून अंड्यांवर बसली. माझ्या लेन्सच्या आवाक्याबाहेर. बसू दे.

"सोमवारी सगळ्यांना मेल टाकतो, पिंगळा तुझा म्हणून," सर म्हणाले. "पण हे शेळ्यांचं कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार, सर."

खरंच, कोणाला सांगावं लागलंच नाही. धायरी फाट्यावर आम्ही त्यांना कोथरूडच्या बसमध्ये चढवलं. भर दुपारी, खच्चून भरलेल्या. उरलेल्या फांद्या त्यांनी मागे घट्ट धरल्या होत्या.

"ओ झाड!" कंडक्टर ओरडला. "दारात उगवू नका, पुढे सरका!"