गुरुवारचे पेढे

"मॅडम, माझी बाग कापली हो!"

दत्तूचा फोन आला तेव्हा फौजदार मोहिनी गांगुर्डेंचा सकाळचा चहाही व्हायचा होता.

दिंडोरी रस्त्यावरच्या त्या द्राक्षबागेत जाऊन बघतात तर काय, वेलींची खोडं बुडातून करवतीनं कापलेली! उतरायला आलेले घड वर तसेच लटकलेले. काल, सोमवारी, दत्तू आणि त्याची बायको शकुबाई दिवसभर लासलगावला लग्नात होते. तेवढ्यात कुणीतरी डाव साधला.

"लियाकतच!" गाव म्हणालं. आणि गाव एकदा म्हणालं की संपलं! लियाकत द्राक्षांचा व्यापारी. सौदा मोडला म्हणून त्यानं दत्तूला चारचौघांत दम दिला होता, आणि काल तो बांधावर दिसलाही होता.

"अल्ला कसम, समजूत घालायला आलतो. घरी कुणी नव्हतं," जीपमध्ये बसवलेला लियाकत कळवळून सांगत होता. दुसरं नाव निघालं नाही तर आज त्याची रवानगी कोठडीत होणार होती.

मोहिनीबाई पाणी प्यायला घरात गेल्या. फळीवर पेढ्यांचा डबा होता, सुतळीही न सोडलेला.

"लग्नातला?"

"नाय ओ," शकुबाई म्हणाली. "आमदारसाहेबांनी गुरवारी धाडला. राज्यसभेची एक जागा रिकामी झालती, तिथं त्यांचा माणूस निवडून आला. साहेबांचा लय जीव हाय आमच्यावर."

"आधी कुणावर होता?"

शकुबाई अडखळली. "थोरल्या भाऊजींवर. म्हून तर ते आमच्याशी बोलत नायत."

थोरले भाऊजी म्हणजे दत्तूचा भाऊ धनराज. साहेबांच्या सभांच्या सतरंज्या उचलण्यात याची उमर गेली. बोलावल्यावर तो कडक इस्त्रीत हजर झाला.

"काल कुठं होतात?"

"मुंबईला. विधानभवनात राज्यसभेचं मतदान होतं ना."

"साहेबांबरोबर?"

"एसटीनं, एकटाच. साहेबांच्या गाडीत आता दत्तू बसतो."

"झालं मतदान?"

"झालं की! फाटकाबाहेरच उभा होतो. आमदार मत टाकून बाहेर पडत होते."

मोहिनीबाई हवालदाराकडे वळल्या. "लियाकतला सोडा."

धनराज चमकला.

"पेढे गुरुवारी, मतदान सोमवारी. निकाल आधी आणि मतदान मागून, असं होतं का कुठं? निवडणूक जाहीर होते तेव्हा अर्ज, छाननी, माघार, मतदान, सगळ्या तारखा एकदमच लागतात. पण माघारीची मुदत संपल्यावर जागेपेक्षा जास्त उमेदवार उरले, तरच मतदान. इथं जागा एक, उमेदवार दोन. गुरुवारी एकानं माघार घेतली, दुसरा तिथंच बिनविरोध निवडून आला. सोमवारी तिथं कुणीही मत टाकलं नाही, धनराजभाऊ. तुम्ही जाहीर झालेल्या तारखेवर बेत आखलात आणि रुसून साहेबांच्या बंगल्याकडे फिरकला नाहीत. मग कळणार कुठून?"

धनराज इस्त्रीची पर्वा न करता जमिनीवर बसला.

"दरसाल पहिला घड साहेबांना मी न्यायचो. यंदा दत्तूनं नेला. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, माझ्याकडं बघितलं पण नाय. जळलो मी, मॅडम. लय जळलो." त्याची नजर फळीकडे गेली. "त्याला पेढेसुद्धा आले. मला एक नाय."

शकुबाईनं डबा खाली काढला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"दोघा भावांत मिळून धाडलाय, असं ड्रायव्हर सांगून गेला, भाऊजी. तुमच्या हातानं उघडायचा म्हून तसाच ठेवला होता."