न बघितलेला शेवट

माघ सरत आला होता, पण ऊन वैशाखाचं. सकाळपासून वारा नव्हता. आभाळ चुन्यासारखं पांढरं, आणि धुरळा उडाला की तिथंच लटकून राहायचा. कोरडं जाणारं ते दुसरं वर्ष. दसऱ्यालाच अर्धं गाव टोळी करून सहकारी कारखान्याच्या उसाला गेलतं. माझा पोरगा आसारामही गेलता. मागं आम्ही म्हातारी आणि शेळ्या.

त्या दिवशी मी रॉकेल आणायला मांजरसुंब्याला गेलो. तिथं धाब्याच्या मागं, पत्र्याच्या खोलीत, दुपारी व्हिडिओवर पिच्चर लावायचे. मला अक्षर येत नाही. पण पिच्चरची पारख होती, आणि गावाचा माझ्या शब्दावर भरवसा होता. माझं माप भुईमुगाच्या शेंगांचं. खिशातल्या शेंगा खायची आठवण झाली नाही, तर पिच्चर झकास. पारावर बसून मी सगळी गोष्ट सांगायचो, शेवट तेवढा राखायचो. तो ज्यानं त्यानं जाऊन बघायचा, असा आमचा शिरस्ता.

त्या दिवशीच्या पिच्चरमध्ये पोरगं विहिरीत पडतं. बाप दोर धरून खाली उतरतो. वर दोराचा एकेक पेड तुटायला लागतो... आणि लाईट गेली. बरीच वाट बघितली, मग यष्टी गाठली.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झालती. पारावर माणसं बसलेली. शहादेव मुकादम, त्याची भिवराबाई, त्रिंबक, सगळी टोळीच. मला केवढा आनंद!

"कारखाना लवकर बंद पडला का रं?"

"सुटलो आमी," त्रिंबक म्हणाला.

"अन् आसाराम?"

"मागं हाय. येतोय."

जवळ गेलो तर उसाच्या रसाचा आंबूस वास आला. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. थेंब थेंब, आवाज न करता मातीत जिरत होतं. आमच्या गावात तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, बाबा.

"पिच्चर बघून आलाव वाटतं, अण्णा," भिवराबाई हळूच म्हणाली. "शेंगा खाल्ल्या का उरल्या?"

"उरल्या..."

"मंग लईच भारी असंल. सांगा की."

एरवी यावर सगळी खिदळली असती. कुणी हललं नाही. मी खाली बसलो आणि सांगत गेलो. विहीर आली, दोर आला. तिथं सवयीनं थांबलो.

"शेवट?" शहादेवनं विचारलं.

"तो जाऊन बगा की, बाबांनो..."

"आमाला आता जाता यायचं न्हाई, अण्णा."

मग शहादेवच पुढं बोलला, मला समजवावं तसा.

"शेवट कळल्याबगर आमाला उठता येत न्हाई. आसाराम येऊन बसला, तर त्योबी उठायचा न्हाई. लवकर सांगा..."

वेशीकडून ओल्या पावलांचा आवाज यायला लागला. एकट्याच माणसाचा. डावा पाय जरा ओढून टाकायची ती चाल मी कुठंही ओळखली असती.

"पोरगं वर आलं," मी म्हणालो. "जित्तं आलं. दोर टिकला."

"अन् बाप?"

"बाप... बाप खालीच राहिला."

मग एकेक जण उठला आणि वेशीकडं चालायला लागला. तिकडची पावलं थांबली. थोड्या वेळानं माघारी वळली. मी पारावर हात फिरवला. दगड ओला होता.

दुसऱ्या दिवशी सांगावा आला. टोळीची ट्रॉली दिवस मावळायच्या आत कालव्यात उलटली होती. आसाराम सोडून कुणी वाचलं नाही. त्यालाही मेलेल्यांच्या रांगेतच ठेवला होता; दिवेलागणीला तो एकदम खोकला म्हणे.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं, भाकरी कुस्करून चारली. पारावरचं मात्र मी कुणापाशी बोललो नाही, त्याच्यापाशीही नाही. घरी आणल्याच्या दुसऱ्या सकाळी तो आत निजला होता. शेजारची मंजुळाबाई दारात आली. त्याच्याकडं बघत बघत तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली,

"अण्णा, पहाटं त्रिंबक माझ्या दारात उबा व्हता. निथळत व्हता वो... म्हनला, अण्णाला सांग, शेवट तसा न्हाई."